महाराष्ट्रातील एकुलते मूल : नवसापासून निवडीपर्यंत

महाराष्ट्रातील कुटुंबाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांनी एकत्र कुटुंबपद्धती, बालविवाह, विधवांची स्थिती आणि स्त्रीशिक्षण या विषयांचा जेवढा ऊहापोह केला, तेवढा घरातील मुलांच्या संख्येचा केला नाही, आणि ज्या घरात एकच मूल लहानाचे मोठे झाले अशा घराकडे तर स्वतंत्र विषय म्हणून क्वचितच पाहिले गेले. एकुलते मूल ही शहरी मध्यमवर्गाने गेल्या तीस-चाळीस वर्षांत आणलेली गोष्ट आहे, असा जो समज सर्वत्र आढळतो, त्याचे मूळ या दुर्लक्षातच आहे. वस्तुतः एकुलती मुले या प्रदेशात पूर्वीपासून होती. मात्र ती बहुधा भावंडे दगावल्यामुळे एकटी उरलेली किंवा अनेक वर्षांच्या प्रतीक्षेनंतर नवसाने झालेली असत, आणि आईवडिलांनी विचारपूर्वक एकावर थांबणे ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली घटना आहे. या दोन प्रकारच्या मुलांचे बालपण वेगवेगळ्या कारणांनी घडले असूनही पहिल्याभोवती साचलेली भीती, लाड आणि अपेक्षा दुसऱ्याच्या वाट्याला जशाच्या तशा आल्या, आणि त्याला खरोखर जे कमी पडणार होते त्याचा विचार मागे राहिला.

पहिल्या प्रकारच्या एकुलतेपणाचे कारण बालमृत्यू हे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी जन्मलेल्या मुलांपैकी पाचातले एक तरी पहिला वाढदिवस पाहत नसे. मुंबई शहराच्या नोंदींत तर १९२१ साली दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भकमृत्यू दिसतात. हा आकडा काहीसा फुगलेला आहे, कारण गिरणगावातील अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी कोकणात किंवा घाटावर गावी जात, तेथे जन्माची नोंद होई आणि मूल मुंबईच्या खोलीत परतल्यावर दगावले तर मृत्यू तेवढा मुंबईच्या खात्यावर चढे. तरीही एका खोलीत राहणाऱ्या कष्टकरी कुटुंबांची दैना त्यातून लपत नाही. शिक्षण, कीर्ती किंवा प्रतिष्ठा यांनीही या संकटापासून संरक्षण मिळत नव्हते. आनंदीबाई जोशी यांचे पहिले आणि एकमेव अपत्य जन्मानंतर काही दिवसांतच गेले आणि त्या दुःखातूनच त्या वैद्यकाच्या शिक्षणाकडे वळल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रमाबाई यांची चार अपत्ये लहानपणीच गेली, त्यांतील राजरत्न १९२६ साली गेला, आणि यशवंत हा एकटाच मुलगा मोठा झाला. अशा घरातले मूल कागदोपत्री एकुलते दिसले तरी त्याच्या आईने पाळण्यात घातलेल्या मुलांची संख्या वेगळी असे, आणि त्या गेलेल्या भावंडांची आठवण घरात सतत वावरत असे.

या भीतीने लोकाचारात जी रूपे घेतली, ती पाहिल्याशिवाय जुन्या काळातील एकुलत्या मुलाचे बालपण समजत नाही. आधीची मुले दगावली असता नंतर झालेल्या मुलाला धोंडू, दगडू, केरू, भिकू अशी मुद्दाम क्षुद्र वस्तूंची किंवा हलाखीची नावे ठेवीत, म्हणजे मृत्यूला किंवा वाईट नजरेला त्याचा मोह पडू नये अशी त्यामागची कल्पना असे. मुलाचे नाक टोचून त्याला मुलीप्रमाणे वाढवणे आणि त्यावरून नथू हे नाव पडणे, किंवा तान्ह्या मुलाला सुपात घालून शेजारणीच्या ओटीत टाकणे आणि मूठपसा धान्य देऊन तिच्याकडून विकत घेतल्यासारखे परत आणणे, हे प्रकारही याच समजुतीतून आलेले आहेत. मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढणे सर्वच मुलांसाठी होते, परंतु एकुलत्याच्या बाबतीत त्यात खंड पडत नसे. त्याला विहिरीकडे, ओढ्यावर, झाडावर जाऊ न देणे, परगावी शिकायला पाठवण्यास आजीने विरोध करणे, लग्न शक्य तितक्या लवकर उरकणे, हे सगळे त्या काळच्या आत्मचरित्रांतून आणि घराघरांतल्या आठवणींतून पुन्हापुन्हा भेटते. आज ज्याला अतिसंरक्षण म्हणून दोष दिला जातो, त्याला तेव्हा मृत्यूच्या अनुभवाचा भक्कम आधार होता.

श्रावणातील जिवतीचे व्रत या संदर्भात जवळून पाहण्यासारखे आहे. श्रावण लागला की देवघराजवळच्या भिंतीवर जिवतीचा कागद लावतात. त्याचे चार भाग असतात, एकात नरसिंह, एकात कालियामर्दन करणारा कृष्ण, एकात पाळणा आणि मुलेबाळे यांच्यासह जरा-जिवंतिका या देवता, आणि एकात हत्तीवर व वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. श्रावणातल्या दर शुक्रवारी आई या चित्राला हळदकुंकू, आघाड्याची पाने, दूर्वा आणि कापसाचे गेजवस्त्र वाहते, पुरणाचा नैवेद्य दाखवते आणि नंतर मुलांना पाटावर बसवून ओवाळते. जे मूल घरी नसेल त्याच्यासाठी ती चारही दिशांना अक्षता टाकते, म्हणजे ते जिथे असेल तिथे आईचे औक्षण त्याच्यापर्यंत पोचावे. मुलांच्या दीर्घायुष्यासाठीच रचलेल्या या विधीत मुलांची संख्या कोठेही सांगितलेली नाही, आणि म्हणूनच तो बहुप्रसवा आईच्या काळातून एकाच अपत्याच्या आईच्या काळात, काही बदल न होता, सहज येऊ शकला.

धर्मशास्त्राने मात्र एकुलत्या मुलाची दखल संख्येसह घेतली होती. वसिष्ठ धर्मसूत्रात एकुलता मुलगा दत्तक देऊ नये आणि कोणी घेऊही नये असा निर्बंध आहे, कारण त्याच्यावर जन्मदात्या कुळाचा वंश आणि पितरांचे श्राद्ध अवलंबून असते. यावर एक तोडगाही सांगितला गेला होता, त्याला द्व्यामुष्यायण म्हणत. म्हणजे मुलगा दोन्ही पित्यांचा पुत्र मानला जाईल आणि दोन्ही घरांचा वारसा व पिंडदान यांचा अधिकारी होईल, अशा करारावर दिला जात असे. एकाच मुलाने दोन घरे चालवावीत ही अपेक्षा किती जुनी आहे, हे यावरून ध्यानात येते. इंग्रजी अमदानीत हा वाद न्यायालयांत गेला. पश्चिम भारतात नीलकंठ भट्टाचा ‘व्यवहारमयूख’ हा ग्रंथ प्रमाण मानला जात असे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एकुलत्या मुलाचे दत्तविधान अवैध ठरवले होते. अलाहाबाद उच्च न्यायालयाचा कल याउलट होता. शेवटी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८९९ साली असा निर्णय दिला की स्मृतीतील ते वचन उपदेशपर आहे, बंधनकारक नाही, आणि त्यामुळे एकुलत्या मुलाचे दत्तकही कायद्याने टिकते. इस्टेटीसाठी झालेल्या या खटल्यांत ज्या मुलांच्या आयुष्याचा निवाडा होत होता, त्यांना काय वाटत होते याची नोंद निकालपत्रांत सापडत नाही, ही त्या साधनांची मोठीच उणीव आहे.

एकुलत्या मुलीची स्थिती याहून अवघड होती. वधू भाऊ असलेली असावी, असे याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितले आहे. जिला भाऊ नाही तिला वडील पुत्रिका ठरवू शकत, म्हणजे तिचा मुलगा तिच्या सासरचा न राहता आजोबांचा वंश चालवील असे मानू शकत, आणि म्हणून अशा मुलीशी विवाह करणे वराच्या कुळाला धोक्याचे वाटे. पुत्रिकेची प्रथा पुढे लोपली, पण भाऊ नसलेल्या मुलीच्या स्थळाविषयीची कुरकुर मागे उरली. शेतीवाडी असलेल्या घराने घरजावई करून घेतला तर त्या जावयाला गावात मान कमी मिळे, आणि घरजावई न करता जवळच्या भाऊबंदातला मुलगा दत्तक घेतला तर पोटच्या मुलीला वडिलांच्या जमिनीत काही उरत नसे. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा दिला आणि २००५ साली तोच नियम देशभर लागू झाला. एकुलत्या मुलीवर थांबण्याचे धैर्य मराठी घरांना येण्यात या कायद्याचा वाटा किती, हे स्वतंत्रपणे तपासण्याजोगे आहे.

विधी आणि सण यांच्या रचनेत भावंड गृहीत धरलेले आहे. लग्नात करवली म्हणजे वराची किंवा वधूची पाठीशी उभी राहणारी बहीण लागते. लाजाहोमात वधूच्या ओंजळीत लाह्या घालायला भाऊ लागतो, आणि तोच पुढे नवरदेवाचा कान पिळून मानाचा पोशाख वसूल करतो, म्हणून त्याला कानपिळ्या म्हणतात. भाऊबीज तर उघडच भावाबहिणींची आहे. परंपरेने या अडचणीवर उपायही योजून ठेवले होते. जिला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, आणि लग्नातल्या जागा चुलत, मावस, आते, मामे भावंडांनी भरून निघतात. जुन्या वाड्यातले किंवा चाळीतले एकुलते मूल एकटे पडत नसे याचे मुख्य कारण हेच होते. त्याच्या आईवडिलांना भरपूर भावंडे होती, उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी दहा-पंधरा मुले एका ओळीत जेवायला बसत आणि एकाच लांब सतरंजीवर झोपत, आणि ‘सख्खा’ आणि ‘चुलत’ हा भेद कळायला मुलांना बरीच वर्षे लागत.

मुलांची संख्या हा दैवाचा भाग नसून आईवडिलांच्या, आणि त्यातही आईच्या, निर्णयाचा विषय आहे, हे महाराष्ट्रात स्पष्टपणे मांडण्याचे श्रेय र. धों. कर्वे यांना द्यावे लागते. गणिताचे प्राध्यापक असलेल्या कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र सुरू झाले होते, यावरून हा विचार इथे किती लवकर आला याची कल्पना येते. या कार्यापायी त्यांना विल्सन कॉलेजमधील नोकरी सोडावी लागली, १९२७ साली सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४च्या खटल्यात डॉ. आंबेडकर वकील म्हणून त्यांच्या बाजूने उभे राहिले. पत्नी मालतीबाईंचे पाठबळ त्यांना लाभले, आणि हे मासिक कर्व्यांनी १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. स्वतः या दांपत्याने मूल होऊ दिले नव्हते. स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला, तो फेटाळला गेला. सनातनी, राष्ट्रवादी आणि गांधीवादी अशा परस्परविरोधी मंडळींनी या एका प्रश्नावर एकच भूमिका घेतली होती, आणि त्या काळातील मराठी विचारविश्वाची ही मर्यादा मान्य करायला हवी.

कर्व्यांचे काम पुढे नेणाऱ्यांत रँग्लर र. पु. परांजपे यांच्या कन्या शकुंतला परांजपे यांचे नाव अग्रक्रमाने येते. केंब्रिजमध्ये शिकलेल्या, ‘कुंकू’ या चित्रपटात भूमिका केलेल्या आणि पुढे १९६४ ते १९७० या काळात राज्यसभेच्या नियुक्त सदस्य असलेल्या शकुंतलाबाई कुटुंबनियोजनाच्या प्रचारासाठी खेड्यापाड्यांत फिरल्या. त्यांना एकच मुलगी, १९३८ साली जन्मलेल्या सई परांजपे. रशियन चित्रकार असलेल्या वडिलांपासून आई लवकरच विभक्त झाल्यामुळे सईंचे बालपण आई आणि आजोबा यांच्या सहवासात पुण्यात गेले, आणि आजोबा ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त असताना काही वर्षे तेथे गेले. आठव्या वर्षी ‘मुलांचा मेवा’ हे त्यांचे परीकथांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. या एका उदाहरणावरून एकुलत्या मुलांविषयी नियम बांधता येणार नाही, आणि हे घर अपवादात्मक होते हेही खरे. तथापि प्रौढांच्या बरोबरीने बोलणारे, पुस्तकांत रमणारे आणि स्वतःच्या कल्पनेत खेळगडी निर्माण करणारे मूल, जे पुढे १९८०च्या दशकात मराठी मध्यमवर्गात सर्रास दिसू लागले, त्याचे एक पूर्वरूप या घरात दिसते.

स्वातंत्र्यानंतर राज्यसंस्था या क्षेत्रात उतरली. मुंबईत १९४९ साली भारतीय कुटुंबनियोजन संघटना स्थापन झाली, १९५२ साली मुंबईतच भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेतून नियोजित पालकत्वाचा जागतिक संघ जन्मला, आणि त्याच वर्षी भारत सरकारने आपला कार्यक्रम सुरू केला. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात लाल त्रिकोणाचे चिन्ह गावोगावच्या भिंतींवर आले आणि मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर पुरुष नसबंदीची केंद्रे उघडली गेली. सरकारची घोषणा आधी ‘दोन किंवा तीन’ अशी होती, मग ती दोनावर आली. एकाची सक्ती भारतात कधीच झाली नाही. आणीबाणीत, १९७६ साली, महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले, पण ते कायदा होऊ शकले नाही, आणि ते बरेच झाले. चीनने सुमारे १९८० पासून २०१५ पर्यंत जे एक-अपत्य धोरण दंड आणि दडपणाच्या बळावर राबवले, त्याच्याशी तुलना करता महाराष्ट्रातील एकुलती मुले सरकारच्या घोषणेहूनही पुढे जाऊन कुटुंबांनी स्वतः घेतलेल्या निर्णयातून जन्मली, हा फरक फार महत्त्वाचा आहे.

या निर्णयाची कारणे पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक अशा शहरांच्या घडणीत सापडतात. १९७० नंतर बँका, आयुर्विमा महामंडळ, टेलिफोन खाते, शाळा आणि सरकारी कचेऱ्या यांत मराठी स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरीला लागल्या. वाड्यातून आणि चाळीतून निघालेले कुटुंब एक-दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे स्वतंत्र सदनिकेत, आले. सासूसासरे गावी किंवा दुसऱ्या मुलाकडे राहिले. सकाळी लोकल गाठणाऱ्या आईपुढे मूल कोणाजवळ ठेवायचे हा रोजचा प्रश्न होता, आणि त्याला उत्तर म्हणून पाळणाघर उभे राहिले. सोसायटीतली एखादी गृहिणी आपल्याच बाहेरच्या खोलीत पाच-दहा मुले सांभाळी, डबा आणि दुपटे आईने द्यायचे, वरणभात तिने भरवायचा, आणि संध्याकाळी आई येईपर्यंत दारातल्या चपलांकडे डोळे लावून बसलेल्या मुलाची समजूतही तिनेच घालायची. या बायकांनी दोन पिढ्यांची एकुलती मुले वाढवली, पण महाराष्ट्राच्या श्रमाच्या इतिहासात त्यांच्या कामाला अद्याप जागा मिळालेली नाही, आणि हा अन्याय आहे. दुसरे मूल नको असे म्हणणाऱ्या स्त्रीला ‘एकाला सोबत हवी’ हे वाक्य सासर, माहेर आणि शेजार या तिन्हीकडून ऐकावे लागे. सोबत हवी असे म्हणणाऱ्यांपैकी दुसऱ्या मुलाला सांभाळायला मात्र फार थोडे पुढे येत.

एक काळी बाजू येथे नोंदवलीच पाहिजे. एकच मूल हवे, आणि ते मुलगाच हवा, अशा दोन इच्छा जेथे एकत्र आल्या तेथे गर्भलिंगनिदानाचा धंदा फोफावला. महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वप्रथम त्याविरुद्ध कायदा केला आणि केंद्राचा कायदा १९९४ साली आला, तरीही शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ साली ९४६ होती ती २०११ साली ८९४ पर्यंत घसरली. एका मुलीनंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या पालकांना ठेव देणारी ‘माझी कन्या भाग्यश्री’ योजना २०१६ साली आली, ती याच पार्श्वभूमीवर. लहान कुटुंबाचा गौरव करताना ही आकडेवारी बाजूला ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल.

ठरवून एकटे वाढवलेल्या मुलाविषयी समाजाने लवकरच एक मत बनवले की ते हट्टी, स्वार्थी आणि एकलकोंडे होते. या मताला शास्त्रीय रूप देण्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत जी. स्टॅन्ली हॉल यांच्या वर्तुळात झाली. पुढे १९८६ साली टोनी फाल्बो आणि डेनिस पोलिट यांनी तोवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा एकुलत्या मुलांच्या स्वभावात असा काही दोष आढळला नाही, उलट शिक्षणात आणि आईवडिलांशी असलेल्या नात्यात ती काहीशी सरसच दिसली. मराठी घरांतही याहून वेगळे काही दिसत नाही. एकुलत्या मुलावर खरा भार पडला तो अपेक्षांचा. दहावी-बारावीच्या गुणांपासून परदेशातील नोकरीपर्यंत पूर्वी चार-पाच मुलांत वाटली जाणारी आकांक्षा एकाच्याच डोक्यावर आली, आणि आईवडील वृद्ध झाल्यावर रुग्णालयाचा कागद, बँकेची सही आणि रात्रीची जाग हे सगळे एकट्यानेच निभावणे त्याच्या नशिबी आले. आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकणारा २००७ चा कायदा ही जबाबदारी सांगतो, पण ती एकट्याने पेलण्यासाठी लागणाऱ्या विश्वासार्ह शुश्रूषागृहांची आणि मदतनीसांची व्यवस्था त्या कायद्याने उभी राहिली नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात दर स्त्रीमागे सरासरी जननदर १९९२-९३ साली २.९ होता, तो २०१९-२१ साली १.७ झाला. राज्याच्या सेवानियमांत २००५ पासून दोनपेक्षा अधिक अपत्यांवर बंधन आहे, पण शहरांतील अनेक घरांचा प्रश्न आता उलट दिशेचा आहे. एकुलत्या मुलाने एकुलत्या मुलीशी लग्न केले म्हणजे त्यांच्या अपत्याला काका, आत्या, मामा, मावशी यांपैकी कोणीही नसते, आणि म्हणून चुलत-मावस भावंडेही नसतात. जावळ काढताना बाळाला मांडीवर घेणारा मामा, आंतरपाटापर्यंत वधूला आणणारा मामा, कानपिळ्या, करवली या जागा मित्रमैत्रिणींनी किंवा दूरच्या नातलगांनी भरल्या जात आहेत, आणि कौतुकाची गोष्ट अशी की त्या भरल्या जात आहेत. जुन्या एकुलत्या मुलाला ज्या आप्तवर्तुळाने सांभाळले ते वर्तुळ या दुसऱ्या पिढीत आटले, हे या शंभर वर्षांतले सर्वांत मोठे स्थित्यंतर आहे, आणि एका अपत्याच्या निवडीवर टीका करण्यापेक्षा वस्तीतील मैदान, पाळणाघर, वाचनालय आणि ज्येष्ठांसाठी सेवा यांवर खर्च करणे हेच त्याला योग्य उत्तर आहे.

या इतिहासाचे सर्वांत महत्त्वाचे साधन मात्र कागदावर नाही. १९७० आणि १९८०च्या दशकांत घरच्यांचा विरोध पत्करून एका अपत्यावर थांबणाऱ्या स्त्रियांनी तो निर्णय कसा घेतला, नवऱ्याने साथ दिली की नाही, पुढे त्याचा आनंद वाटला की खंत, हे त्यांच्याखेरीज कोणीही सांगू शकत नाही. त्या स्त्रिया आज सत्तरी-ऐंशीच्या आहेत. त्यांच्या मुलाखती घेऊन जतन करण्याचे काम विद्यापीठांच्या इतिहास आणि स्त्री-अभ्यास विभागांनी, आणि ज्यांची आई अजून बोलू शकते अशा प्रत्येक एकुलत्या मुलाने व मुलीने, आता विनाविलंब हाती घ्यावे.